निकम सरांची तारीख

निकम सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मैदानाच्या मधोमध खाली मान घालून चालत होते. मार्चमधली ओली सकाळ. अंगात मुलाचं ढगळ पफर जॅकेट, डोक्याला मफलर, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. मला वाटलं, न्यूझीलंडमधल्या आमच्या रोटोटुनात नवीन आलेले कुणाचे तरी वडील असणार, चष्मा नाहीतर किल्ली हरवली असेल. विचारल्याशिवाय मला राहवेना.

"काय शोधताय काका?"

"दगड."

"इथे दगड नाहीत हो. कौन्सिलचं मैदान आहे."

"म्हणजे अजून कुणी नीट शोधले नाहीत," असं म्हणून ते पुढे चालू लागले.

पुढे कळलं, की ही चाळीस वर्षांची सवय. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते आणि बेसबॉलचे कोच. "बेसबॉल? जळगावला?" मी ओरडलेच. "का हो मॅडम? जळगावला काय फक्त केळी पिकतात?" तिथलं मैदान म्हणजे निव्वळ मुरूम. सराव सुरू व्हायच्या आधी सगळा संघ खांद्याला खांदा लावून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दगड वेचत जायचा. नाहीतर टप्पा पडून चेंडू दातांवर. तीन ग्लोव्ह्ज, नऊ पोरं, आणि ट्रकच्या जुन्या टायरमधून कापलेली होम प्लेट. अशा संसारावर ते दरवर्षी राज्य पातळीपर्यंत पोचायचे.

मी त्या मैदानावर काय करत होते, तेही सांगते. इथे कॉलेज म्हणजे हायस्कूलच. माझी मुलगी रेवा तिथे इयर टेनमध्ये, आणि कॉलेजच्या बेसबॉल संघात. संघ कसला, जेमतेम अकरा पोरंपोरी. त्यांचा कोच ब्रिस्बेनला नोकरी मिळाली म्हणून भर हंगामात निघून गेला. ही इथली नेहमीची गोष्ट; चांगला माणूस सापडला की समजावं, हा आता ऑस्ट्रेलियाला जाणार. सगळ्या पालकांना ईमेल आला, कोण पुढे येतंय? सगळे गप्प. मूर्खासारखं मी एकटीने उत्तर दिलं. मी इथल्या 'ते रापा' भागातल्या दुधाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. पावडरीत ओल किती आहे ते मी बोटांनी सांगेन, पण बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तेव्हा निकम सर भेटले, ते देवानेच पाठवले असं मला वाटलं. आता तसं वाटत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना रांगेत उभं करून दगड वेचायला लावले. मुलं हसून लोटपोट. दगड निघालेच नाहीत. निघाल्या केसांच्या पिना, कुणाचा तरी माउथगार्ड आणि एक जँडल, म्हणजे रबरी चप्पल. पण मैदानाच्या टोकाला पोचेपर्यंत सगळी गप्प झाली होती, आणि सर म्हणाले, "आता झालं तुमचं मैदान. आधी कौन्सिलचं होतं." मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. एक मोठा धिप्पाड मुलगा म्हणाला, "स्वीट ॲज, कोच सर," म्हणजे इथल्या भाषेत एकदम मस्त. तेव्हापासून ते कोच सर झाले.

पंधरा दिवस त्यांनी बॅटला हात लावू दिला नाही. "बॅट म्हणजे वरातीतला बँड हो, मॅडम. जेवण ग्लोव्हात शिजतं." मुलांना ते जळगावच्या थाटात "काय करी राहिला भो?" असं दरडावायचे, आणि मुलांना वाटायचं ते "ब्रो" म्हणतायत, त्यामुळे त्यांना फार आवडायचं. कुणी चुकला तर ते ओरडत नसत. जवळ जाऊन त्याच्या ग्लोव्हात स्वतःची मूठ हळूच आपटायचे आणि म्हणायचे, "चेंडूला तोंड दाखव. पाठ तर सगळेच दाखवतात." डिसेंबरात सुरू होणाऱ्या इथल्या उन्हाळाभर सगळ्या मॅचेस हरलेला आमचा संघ एप्रिलमध्ये चक्क जिंकायला लागला. ऑटमची छोटी स्पर्धा होती, सहा कॉलेजं, दर शनिवारी एक मॅच.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. निकम सर कशावरही सही करत नसत. मॅच संपली की स्कोअरशीटवर दोन्ही कोचनी सही करायची असते. ते कागद माझ्यापुढे सरकवायचे. कॉलेजचा फॉर्म आला, मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून पडताळणी होते तो; त्यांनी तो चारदा वाचला, घडी घालून परत दिला. "माझं नाव नका घालू मॅडम. मी आपला आजोबा म्हणून येतो." मग कागदोपत्री कोच मी झाले, आणि मी समोर असेन तेव्हाच ते शिकवणार असं ठरलं. मी मनात म्हटलं, असेल म्हाताऱ्याचा काहीतरी विक्षिप्तपणा.

सरावानंतर मुलं गेली की आम्ही डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या छपरीतल्या बाकावर बसायचो. थर्मासमधला चहा, समोर ओकच्या झाडांची पानं पडताहेत, सहा वाजायच्या आत अंधार. सरांना ती पानगळ बघवायची नाही. "आमच्याकडे झाड असं एकदम उघडं पडत नाही," म्हणायचे. एकदा ते म्हणाले, "मॅडम, या पोरांना याचं काय मिळतं?"

"कशाचं?"

"खेळण्याचं. सर्टिफिकेट? मार्क? नोकरीत काही?"

"काही नाही सर. मजा येते म्हणून खेळतात. मित्राचा वाढदिवस असला की येतही नाहीत, बघता ना तुम्ही."

त्यांनी पायाजवळचं एक पान उचललं. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्याकडे खेळायचं म्हणून एकही पोरगा आला नाही हो. राज्य पातळीचं सर्टिफिकेट मिळालं की सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्क्यांत नंबर लागतो. म्हणून यायचे. त्यांचं काही चूक नव्हतं, घरी दोन एकर कोरडवाहू. मी पण तेच सांगून बोलवायचो, ये भो, कल्याण होईल. मी खेळ शिकवलाच नाही. मी रांगेत उभं राहायला शिकवलं."

मी नेहमीप्रमाणे काहीतरी बडबडले, असं काय बोलता सर, किती मुलांचे संसार उभे केलेत वगैरे. त्यांनी चहा गवतात ओतून दिला.

आता रेवाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं माझं वागणं कुणाला कळायचं नाही. रेवा चौदा वर्षांची. त्या वर्षी तिने घरात बोलणं जवळजवळ टाकलं होतं. कॉलेजात मैत्रीण नाही, मधल्या सुट्टीत लायब्ररीत एकटी बसते हे मला तिच्या बाईंकडून कळलं. मी मराठीत विचारायचे, ती "आय'म फाइन, आई" म्हणून दार लावून घ्यायची. रडून रडून मी थकले होते. निकम सरांनी तिला पाहिलं आणि कॅचर केलं. होम प्लेटमागे, म्हणजे बॅट घेतलेल्याच्या पाठीशी, वाकून बसायचं, अंगावर ते सगळं चिलखत चढवून. "कॅचर म्हणजे घरातली आई," ते तिला म्हणाले. "बाकी सगळे एका दिशेला तोंड करून उभे. सगळ्यांकडे तोंड करून बसते ती एकटी." आणि ही माझी पोरगी, जी मला एका शब्दात उत्तर द्यायची, ती त्यांच्याशी मराठीत बोलायला लागली. मोडकं, लिंगं चुकवत, पण मराठीत! "सर, तो रनर पळणार, मला माहिती होतं," असं ती एकदा ओरडली, तेव्हा मी स्कोअरशीट तोंडावर धरून रडले. महिन्याभरात तिच्या दोन मैत्रिणी घरी राहायला आल्या. सर म्हणायचे, "हिचे हात अगदी गजाननसारखे आहेत."

गजानन कोण, ते मला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं. सराव पावसाने मोडला. सरांना सोडायला मी गाडी काढली, आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी ते म्हणाले, "दोन मिनिटं थांबवा." फोन काढून त्यांनी मला एक फोटो दाखवला. पुतण्याने गावाहून पाठवलेला. सरकारी नोटीस.

गजानन त्यांचा कॅचर होता, सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा. वर्षभर एकट्याच्या जिवावर त्याने संघ राज्य पातळीवर नेला. आणि नेमका स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याचा बाप शेतात कोसळला. पोरगा बापाला घेऊन जळगावला, संघ तिकडे पुण्याला. बाप गेला. सर परत आले तेव्हा तो डोकं भादरून दारात बसला होता. पुण्यात खेळलेल्या पोरांच्या यादीत सरांनी आपल्या हाताने त्याचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि सर्टिफिकेट आणून त्याच्या हातात ठेवलं. तो म्हणाला, सर, मी कुठे होतो तिथे? सर म्हणाले, तुझ्यामुळेच तर आपण तिथे होतो. ठेव, हे तुझंच आहे.

त्या कागदावर त्याला सरकारी कचेरीत क्लार्कची नोकरी लागली. लग्न झालं, दोन मुली झाल्या. मग सगळ्यांचीच सर्टिफिकेटं तपासायचा हुकूम निघाला, जुनी स्कोअरशीटं बाहेर आली. गजाननचं नाव यादीत होतं, पण मैदानावर तो कुठेच नव्हता. त्याला निलंबित केलं.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

"मला काय होणार? मी रिटायर. मला काहीच झालं नाही. तेच तर," सर म्हणाले. "आता शेवटची तारीख आहे, मेच्या दुसऱ्या शुक्रवारी, अकराला. त्याचा वकील म्हणतो, सरांनी स्वतः उभं राहून सांगितलं, की पोराने मागितलं नव्हतं, मी दिलं, तर नोकरी वाचायची आशा आहे. लिहून पाठवतो म्हटलं तर म्हणे परदेशातून आलेल्या कागदाला कुणी विचारत नाही. समीर तिकीट काढायला तयार नाही. तुम्ही काढून द्याल, मॅडम? मला त्या वेबसाइटा कळत नाहीत."

समीर म्हणजे त्यांचा मुलगा, नेटवर्क इंजिनियर, भला माणूस. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, खोटी कागदपत्रं म्हणजे पोलीस केस असते. बहात्तर वर्षांचा माणूस तिथे जाऊन स्वतः कबूल करणार, हो मी केलं? त्या गजाननची नोकरी जायची तर जाऊ दे, माझा बाप आत जायला नको. तुम्ही त्यांना तिकडे मैदानावर बिझी ठेवता ना, त्याबद्दल हीप्स थँक्स." त्याचंही काय चुकलं?

मी सरांना काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते, सारवासारव करत नाही. मी म्हणाले, "सर, एवढी सेमीफायनल होऊ द्या. मग आपण निवांत बसून काढू. तीन आठवडे आहेत अजून."

ते म्हणाले, "बरं."

सेमीफायनल आम्ही जिंकलो. शेवटच्या डावात तिसऱ्या बेसवरून समोरच्या संघाचा धिप्पाड गडी रेल्वेसारखा धावत आला, आणि रेवाने होम प्लेट अडवून त्याच्या छातीला चेंडू लावला. दोघं चिखलात आडवी झाली, पण चेंडू तिच्या ग्लोव्हात होता, म्हणजे तो बाद. मुलांनी सरांना इतकं घट्ट धरलं की त्यांचा मफलर पडला. रेवा चिखलाने माखलेली माझ्याकडे धावत आली आणि म्हणाली, "आई, पाहिलंस?" पाहिलंस. वर्षभरात तिने मला पहिल्यांदा असं विचारलं.

रविवारी मी तिकीट काढायला बसले नाही. सोमवारीही नाही. सर परत विचारत नव्हते, आणि मी आठवण करत नव्हते. मी विसरले होते असं मात्र कुणी समजू नये. रोज गाडी चालवताना, लॅबमध्ये नमुने घेताना ते तिकीट माझ्या डोक्यात होतं. पण फायनल दोन आठवड्यांवर आली होती. सर गेले तर संघ मोडणार, संघ मोडला तर रेवा परत दार लावून बसणार. माझ्या पोरीचं हसू एका बाजूला आणि कधी न पाहिलेला जळगावचा एक क्लार्क दुसऱ्या बाजूला. आई म्हणून मी निवड केली, असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे मी गप्प बसले. आणि आयुष्यात कधी गप्प न बसलेली बाई मी!

तो शुक्रवार आला. फायनल दुसऱ्या दिवशी, म्हणून चारला शेवटचा सराव ठेवला होता. सरांचं घड्याळ कायम भारताच्या वेळेवर असायचं. मुलं दगड वेचत होती, आता कुणी हसत नसे. सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. घड्याळाकडे बघून म्हणाले, "साडेनऊ झाले. गजानन निघाला असेल घरून."

मी स्कोअरशीटच्या रेघा आखत राहिले.

थोड्या वेळाने म्हणाले, "मोटरसायकलवर जाईल. एस्टीवर त्याचा भरवसा नाही." मग त्यांनी मुलांना चेंडू टाकायला सुरुवात केली. त्या दिवशी त्यांचा एकही चेंडू सरळ गेला नाही. साडेपाचला इथे अंधार पडला आणि तिथे अकरा वाजले. मुलं "सी यू टुमॉरो, कोच सर" म्हणत पळाली. सर बाकावर बसून राहिले. मी हाक मारली तेव्हा उठले, गाडीत बसले, पट्टा लावायचं विसरले. मीच तो ओढून लावला.

रात्रभर पाऊस पडला. शनिवारी सकाळी सातला कौन्सिलचा मेसेज आला: सगळी मैदानं बंद. फायनल पुढे ढकलली. पुढच्या शनिवारीही पाऊस. मग कॉलेजातून ईमेल आला की आता विंटर स्पोर्ट्स सुरू होताहेत, दोन्ही संघांना संयुक्त विजेते धरावं. सर्टिफिकेट वगैरे काही नाही. मुलांनी ईमेलला 'लाइक'चा अंगठा दिला आणि हॉकीच्या स्टिका काढल्या. रेवा एक दिवस हळहळली. ज्या मॅचसाठी मी त्या माणसाला अडवून ठेवलं, ती मॅच झालीच नाही.

मेअखेरीला सरांचा व्हिसा संपला. विमानतळावर जायच्या आधी ते दहा मिनिटं आमच्याकडे आले. रेवाच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्यापुढे हात जोडले. "येतो मॅडम. वांग्याला चव नाही तुमच्या देशात, पण पोरं चांगली आहेत." मी विचारलं, "गजाननला भेटणार?" ते म्हणाले, "भेटणार. फोन उचलत नाही तो. घरी जाऊन दारात बसतो."

पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी मी भाजी चिरत असताना त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा होता.

"भेटलो मॅडम गजाननला. नोकरी गेली. वर केस पण झाली त्याच्यावर."

"केस कसली आता?"

"त्याने तिथे काय सांगितलं माहीत आहे? यादी मीच लिहायचो म्हणाला. सरांच्या नकळत मीच माझं नाव घातलं, सरांनी विश्वासाने सही केली. असं लिहून दिलं त्याने."

"पण का?" मी ओरडले.

"मी पण हेच विचारलं. का रे भो? तर म्हणाला, सर, अकरा वाजले, साडेअकरा वाजले, तुम्ही आला नाहीत. मी समजलो, तुम्हाला यात पडायचं नाही. मग म्हटलं, आपलं तर गेलंच आहे, सरांचं नाव तरी बाहेर काढू." मग सर म्हणाले, "बायकोने त्याच्या चहा केला. त्याने मला स्टँडपर्यंत सोडलं. गाडीत बसवून पाया पडला."

सुरी हातात तशीच होती. आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटून मी म्हणाले, "सर, मी तिकीट मुद्दाम काढलं नाही. मला आठवत होतं. रोज आठवत होतं."

"मला माहीत होतं ते," सर म्हणाले. "तुम्हाला काय वाटलं, मला कळत नव्हतं? रोज मैदानावर येताना मला धास्ती असायची, आज मॅडम विचारतील, काढू का तिकीट. तुम्ही विचारायच्या नाहीत. मग बरं वाटायचं."

मलाही बरं वाटायचं. ते मी त्यांना सांगितलं नाही.